चलन खरं, आकडा खोटा

कामगारांचा पीएफ भरून देणाऱ्या कन्सल्टंटने हातात दिलेलं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, पूर्ण खोटं असायची गरजच नसते. आम्हाला मिळालेल्या चलनांवर पीएफ कोड आमचाच होता, महिना बरोबर होता, टीआरआरएन (त्या भरण्याचा पोर्टलवरचा संदर्भ क्रमांक) खरा होता, पैसे जमा झाल्याची तारीखही खरी होती. बदललेल्या होत्या फक्त दोन गोष्टी, माणसांची संख्या आणि रक्कम. आमच्याकडून ३१ जणांचे पैसे घ्यायचे, ९ जणांचे भरायचे आणि त्या ९ जणांच्या पीडीएफवर ३१ चे आकडे चढवून आम्हाला व्हॉट्सॲप करायचे, असा त्याचा दर महिन्याचा कार्यक्रम. काहीतरी भरलं जात होतं, त्यामुळे थकबाकीदार म्हणून आमचं नावही कुठे वर येत नव्हतं.

आमचं नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. वर्षभर बिस्किटवाले, औषधवाले आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की संत्र्याच्या पेट्या. मशीन आणि माल नवरा बघतो, बँक आणि कागद माझ्याकडे. बहुतेक कामगारांचा पीएफ धरायचा पगार १२ हजार. कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के, वर अर्धा टक्का प्रशासकीय खर्च आणि अर्धा टक्का विमा, म्हणजे माणसामागे महिन्याला ३,००० रुपये. ३१ जणांचे ९३ हजार. तो भरत होता २७ हजार. म्हणजे महिन्याला ६६ हजार त्याच्या खिशात, वर्षाला जवळपास आठ लाख. वर त्याची फी वेगळी, आणि ती एक तारखेला पाहिजे म्हणजे पाहिजेच.

माणूस बोलायला गोड. कामगार आजारी पडला की ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचं, कार्ड काढून द्यायला स्वतः धावणार. ईएसआयमध्ये त्याने एक पैसाही खाल्ला नव्हता, हे नंतर कळलं, आणि त्यामागचं डोकंही तेव्हाच कळलं. ईएसआयचे पैसे भरले नाहीत तर पहिल्याच आजारपणात दवाखान्याच्या खिडकीवर बोंब होते. पीएफ मात्र लोक लग्नाला, घराला नाहीतर नोकरी सोडतानाच काढतात. तिथे वर्षानुवर्षं कोणी डोकावत नाही.

पैसे त्याच्या फर्मच्या खात्यात जायचे. ‘सगळ्या पार्ट्यांचं मी एकदमच भरतो’ हे त्याचं कारण, आणि आजूबाजूच्या शेडमध्येही हीच पद्धत होती. पोर्टलचा पासवर्ड त्याच्याकडे, डिजिटल सही त्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेलही त्याचाच. पीएफ ऑफिस आम्हाला जे काही कळवत होतं, ते त्याला कळत होतं.

२०२४ च्या सुरुवातीला पत्र आलं ते मात्र टपालाने, थेट शेडच्या पत्त्यावर. जानेवारी २०२३ पासूनचे हजेरीपट, पगारपत्रकं, चलनं, ताळेबंद, खातेवही आणि ठेकेदारांची बिलं घेऊन तपासणीला हजर राहा. मी कन्सल्टंटला फोन केला तर तो हसला. ‘वहिनी, टेन्शनच नका घेऊ जी. फाइल मी बनवतो, साहेबाशी मीच बोलतो. तुम्ही फक्त सह्या करा.’ फाइल बनवायचे ३५ हजार आणि ‘वरचे’ दीड लाख, तेही रोख. ३५ हजार गेले. दीड लाखाला नवऱ्याने सांगितलं, आधी फाइल दाखव.

फाइल आली. काय सुंदर फाइल होती! नवे कोरे हजेरीपट, एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने भरलेले, कुठे खाडाखोड नाही, कुठे चहाचा डाग नाही. आमच्या शेडमधलं रजिस्टर असं असूच शकत नाही. खळीचा हात लागून त्याची पानं एकमेकांना चिकटलेली असतात. मी सहज पोळ्याचा महिना उघडला. मारबतीच्या दिवशी ३१ च्या ३१ हजर. तान्हा पोळा आणि मारबत म्हटलं की आमचं युनिट बंदच असतं, निम्मी पोरं इतवारीत मिरवणुकीला असतात. एक दिवस चुकला असेल म्हणून पुढे गेले, तर ज्या मुलाने दिवाळीनंतर काम सोडलं तोही होळीपर्यंत रोज कामावर.

नसलेले रेकॉर्ड ‘तयार’ करून देतो असं म्हणणारा माणूस तुमच्या बाजूचा आहे, असं वाटतं. तो तुमच्या सहीने खोटा दस्तऐवज बनवत असतो. उद्या काही झालं तर सही तुमची, त्याचं नाव कुठेच नाही.

मग मी जुनी रजिस्टरं काढली आणि पगारपत्रकांपासून सुरुवात केली. पहिला धागा निघाला तो व्यवसाय कराचा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही. त्याने बनवलेल्या पगारपत्रकात पेस्टिंगच्या, म्हणजे खोकी चिकटवणाऱ्या, बायकांचे २०० रुपये नंतरही कापलेले, फेब्रुवारीचे ३०० सुद्धा. आमच्याकडून त्याला गेले, सरकारला गेले नाहीत. रक्कम किरकोळ होती. पण १२ हजारांतले २०० ज्याला सोडवत नाहीत, त्याचं बाकीचं काम तपासायलाच पाहिजे होतं.

पीएफच्या पोर्टलवर आस्थापना शोधायची सोय आहे, तिला लॉगिन लागत नाही. आस्थापनेचं नाव किंवा कोड टाका, पेमेंटचा तपशील उघडा. महिनावार टीआरआरएन, जमा झालेली तारीख, रक्कम आणि किती कामगारांसाठी भरले तो आकडा समोर येतो. मी एका बाजूला त्याची चलनं ठेवली आणि दुसऱ्या बाजूला स्क्रीन. टीआरआरएन जुळत होता. तारीख जुळत होती. कागदावर ३१, स्क्रीनवर ९. पुढचा महिना, ९. त्याच्या पुढचा, ९. एकदा ८ सुद्धा होते, कोणाचे वाचवले देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पेस्टिंगवरच्या एका मावशींच्या मोबाइलवर त्यांचं पासबुक उघडलं. डिसेंबर २०२२ नंतर काहीच नाही. सेवेचा तपशील बघितला तर तिथे नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली. मावशी डिंकाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, ‘काहून म्याडम, मी तं रोज येऊन राहिली ना? कोनं काढलं मले?’ २२ जणांना त्याने आमच्या लॉगिनमधून, आमच्या डिजिटल सहीने ‘सोडून गेले’ दाखवलं होतं. त्यातलं कोणी दगावलं असतं तर पीएफसोबतच्या विम्याचे ७ लाखांपर्यंतचे पैसे घरच्यांना मिळवताना काय झालं असतं, ते आठवलं की अजूनही माझा पारा चढतो. पैसे चोरणं एक, आणि कामावर असलेल्या बाईला कागदावरून उठवणं दुसरं.

त्याला फोन केला. सर्व्हर डाऊन असेल म्हणाला. मग अपडेट व्हायला वेळ लागतो म्हणाला. मग फोन लागेना. सीताबर्डीतल्या त्याच्या ऑफिसच्या शटरला कुलूप, खाली दोन-तीन माणसं आमच्यासारखीच उभी.

रघुजीनगरच्या पीएफ ऑफिसमध्ये आम्ही तारखेच्या आधीच गेलो, खऱ्या रजिस्टरांसकट. कायदा स्पष्ट आहे: कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा भरायची जबाबदारी मालकाची. न भरल्यास तो विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो, आणि मधल्या माणसाने पैसे खाल्ले ही सबब चालत नाही. मुद्दल पूर्ण भरावं लागलं, म्हणजे तेच पैसे दुसऱ्यांदा. त्यावर पीएफ कायद्याच्या कलम ७-क्यूखाली वर्षाला १२ टक्के व्याज. शिवाय कलम १४-बीखालचा दंड. तेव्हाच्या दराने सहा महिन्यांवर उशीर गेला की वर्षाला २५ टक्के. (जून २०२४ पासून तो महिन्याला १ टक्का झाला.) प्रिंटिंग मशीनसाठी मंजूर झालेलं कर्ज यात गेलं. २२ जणांच्या सोडल्याच्या तारखा दुरुस्त करायला प्रत्येकाचं संयुक्त घोषणापत्र भरावं लागलं, आणि आधारवर एक नाव, यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) दुसरं असे घोळ त्यात आणखी निघाले.

इन्कम टॅक्सचा फटका कोणी धरलेलाच नव्हता. तेव्हाच्या नियमाने कामगाराचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरला नाही तर मालकाला त्याची वजावट मिळत नव्हती, नंतर भरला तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं होतं. आमच्या सीएंनी टॅक्स ऑडिटच्या ३-सीडी फॉर्ममध्ये चलनं पाहूनच तारखा टाकल्या होत्या. चलनंच बनावट, त्यामुळे विवरणपत्रही सुधारावं लागलं.

प्रत्यक्ष तपासणी मी समजत होते तशी नव्हती. अधिकाऱ्यांनी चलनांवर फार वेळ घालवला नाही, ती त्यांच्याकडे असतातच. त्यांनी नफा-तोटा पत्रक उघडलं आणि ‘मजुरी’, ‘हमाली’, ‘किरकोळ खर्च’ यांवर बोट ठेवलं. नफा-तोटा पत्रकात मजुरी इतकी, पीएफच्या विवरणात पगार तितका, मग मधला फरक कोणाला दिला? संत्र्याच्या हंगामात आम्ही ठेकेदाराकडून लोडिंगची माणसं घेतो. त्याचा पीएफ कोड कुठे, त्याच्या माणसांची नावं कुठे, त्यांच्या नावाने भरलेलं चलन कुठे? ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. नशिबाने आमच्या ठेकेदाराकडे कोड होता आणि दोन महिने सोडले तर कागदही होते. ते दोन महिने आमच्या डोक्यावर बसले.

दुसरा प्रश्न पगाराच्या फोडीचा. कन्सल्टंटने मागे सुचवलं होतं की मूळ पगार कमी दाखवा, बाकी भत्त्यांत टाका, पीएफ वाचतो. आमच्याकडे ते सुपरवायझरपुरतंच केलेलं होतं. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी पगारातच मोजायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय आहे, आणि तपासणीत हाच पहिला सापडतो. ‘पीएफ वाचवून देतो’ म्हणणाऱ्याला मी आता चहासुद्धा विचारत नाही.

‘वरचे’ दीड लाख कोणीही, कुठेही मागितले नाहीत. त्याने ज्या साहेबाचं नाव घेतलं होतं, त्या नावाचं त्या ऑफिसमध्ये कोणी नव्हतंच.

पोलिसांत तक्रार दिली आहे. तिथे कामी आलं ते एवढंच: त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मूळ फाइल्स, पोर्टलवरून काढलेली खरी चलनं, त्याच्या फर्मला गेलेल्या एनईएफटीचं बँक स्टेटमेंट. रोख दिलेले ३५ हजार कुठेच सिद्ध होत नाहीत, ते गेले. फोनवरचं गोड बोलणंही गेलं. ज्यांचे चॅट डिलीट करायची सवय आहे, त्यांनी ती सोडावी.

आता पीएफ आमच्या चालू खात्यातून थेट नेट बँकिंगने भरला जातो. ईसीआर (पीएफचं महिन्याचं विवरण) बनवायला एक मुलगी येते, तिला खात्याचा ॲक्सेस नाही. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल माझा. डिजिटल सहीचा टोकन आमच्या तिजोरीत. आणि २० तारखेला पेस्टिंगच्या टेबलावर कोणाच्याही तीन जणांच्या पासबुकात आम्ही डोकावतो. कधी पोपट होतो, एंट्री उशिरा येते, मग मावशी लोक मलाच धारेवर धरतात. धरू देत.

हा माणूस हिंगणा, वाडी आणि बुटीबोरी तिन्हीकडे फिरत होता आणि बहुतेक लहान युनिटंच धरत होता, ५० च्या आतली. तुमचे पीएफचे पैसे कन्सल्टंटच्या खात्यात जात असतील, तर पोर्टलवर आपला कोड टाका आणि कामगारांचा आकडा आपल्या हजेरीपटाशी लावून बघा. आकडा जुळला नाही तर त्याला फोन करायच्या आधी पेमेंटच्या पानाची प्रिंट काढा, जुनी चलनं पेनड्राइव्हवर घ्या आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर बदलून घ्या. आम्ही फोन आधी केला आणि त्या रात्रीतच त्याने आमच्या लॉगिनचा पासवर्ड बदलला. तो परत मिळवायला लेटरहेडवर अर्ज, ओळखपत्रं आणि पीएफ ऑफिसच्या खेपा लागल्या, आणि तेवढ्या वेळात पुढच्या महिन्याची १५ तारीख उलटून गेली.