प्युअर डेटा, आठ महिन्यांनंतर: भीमपलास, तीनताल आणि 'टक्'

जूनपासून प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर वापरतोय. काम एकच धरलं होतं. मावशीने बेळगावच्या शहापुरातल्या घरी कॅसेटवर गायलेला मध्यलयीतला भीमपलास राग घ्यायचा आणि ताल न मोडता त्यात ग्लिच आणायचा, म्हणजे अडकणारे, तुटणारे, करकरणारे आवाज. कॅसेट जुनी, मधेच टेप घसरते. ते दोष मला झाकायचे नव्हते, वाजवायचे होते.

मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर नीट चालतं. पडद्यावर एकेक काम करणाऱ्या चौकटी मांडायच्या, तारांनी जोडायच्या. तयार वाद्यं हाताशी मिळत नाहीत, त्यामुळे पहिला महिना जड गेला. झटपट ट्रॅक हवा असेल तर यात पडू नका.

आधी 'टक्' कळायला हवा. आवाजाची लाट शून्यावर नसताना मधूनच कापली की तो येतो. कडेला पाचेक मिलिसेकंदांचा उतार दिला, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर आणला, की जातो. मी काही ठिकाणी उतार काढून टाकला आणि तो 'टक्' मात्रेवर, म्हणजे तालाच्या ठोक्यावर, बसवला.

खरी अडचण लयीची. सुरुवातीला ठरावीक मिलिसेकंदांचा ठोका लावला. तीनतालाची, म्हणजे १६ मात्रांची, दोन आवर्तनं बरी गेली, तिसऱ्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, निसटली, कारण माणसाची लय श्वास घेते. खानापूरचे आमचे तबल्याचे गुरुजी ऐकून म्हणाले, "हे काय करालास रे? सम कुठं आहे?" मग स्पेसबार हाच टाळीचा हात केला. प्रत्येक समेला दाबायचा, मागच्या आवर्तनाचा वेळ मोजून त्याचे १६ भाग करायचे आणि पुढचे तुकडे त्या मापाने टाकायचे. याला अडीच महिने लागले.

त्यानंतर तिहाई जमली, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. गाण्यातला ५ मात्रांचा तुकडा समेपासून उचलायचा, मग १ मात्रा शांतता, पुन्हा तुकडा, शांतता, तुकडा. ५, १, ५, १, ५ मिळून १७, म्हणजे शेवटची मात्रा बरोबर पुढच्या समेवर. दुसऱ्या खेपेला तुकडा बारीक चिरतो, तिसऱ्या खेपेला नुसती करकर उरते, तरी समेवर मान हलते. शांततेच्या मात्रेत फक्त तानपुरा वाजतो. त्याला मी अजिबात हात लावत नाही, कारण षड्ज, म्हणजे सा, हलला की बाकीचं सगळं नुसता बिघाड वाटतं.

यासुनाओ तोने या जपानी ध्वनी-कलाकाराने सीडीवर छिद्रं पाडलेली चिकटपट्टी लावून सीडी प्लेअरलाच अडखळायला लावलं, तिथून ही वाट मला कळली. पण तुटक उच्चार आपल्याला परका नाही. सुळेभावी इथून जवळच, कुमार गंधर्वांचं जन्मगाव. क्षयाच्या आजारानंतरच्या त्यांच्या गाण्यातले छोटे, झटक्याने येणारे तुकडे आणि मधली मोकळी जागा ऐका. मी कात्री कुठे लावायची ते तिथून शिकलो.

पावसाळ्यात लाईट गेली आणि न जपलेलं, म्हणजे सेव्ह न केलेलं, पूर्ण रात्रीचं काम गेलं. आता दर दहा मिनिटांनी जपतो.

अंतऱ्यात तार षड्जावर मावशी लांब थांबते आणि नेमकी तिथेच टेप घसरून सूर किंचित खाली येतो. त्या जागी मी एकही चौकट जोडलेली नाही.