बांधाचं भांडण: गावबैठक की कोर्ट?

रावेर-यावल पट्ट्यात बांध फूटभर सरकला की भाऊबंदकी पेटते. रात्रीतून उभी केळी कापली जाते. नुकसानापेक्षा 'चार लोकांत नाक गेलं' हेच जास्त झोंबतं. १९९६ च्या मिशिगन विद्यापीठातल्या प्रयोगात धक्का देऊन शिवी हासडल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेकडचे तरुण उत्तरेकडच्यांपेक्षा जास्त खवळले. तेही इज्जतीचंच प्रकरण.

कोर्टाचा निकाल पक्का, पण तारखांवर तारखा; तोवर दोघं एकाच विहिरीवर पाण्याच्या पाळीला समोरासमोर. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती मोजणीचा नकाशा पुढ्यात घेऊन बसली, तर दोघांनाही मान राखून माघार घेता येते. बांधासाठी मी बैठकच निवडेन. बाईला मारहाण झाली असेल तर मात्र थेट पोलीस ठाणं. तिथं 'घरातलं घरात मिटवा' म्हणणारी बैठक तिच्यावर अन्यायच करते.