बागेतल्या आगगाडीचे डबे: प्लायचा किट की सागाच्या पट्ट्या?

1897 साली कुर्डुवाडी-बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, 762 मिमी रुंदीच्या रुळांवर. तीच गाडी छोट्या प्रतिकृतीच्या रूपात बागेतल्या 45 मिमी रुंदीच्या रुळांवर उतरवायची तर प्रमाण साधारण 1:17 येतं. डबे लाकडीच हवेत, एवढं आधीच ठरलं होतं. प्रश्न होता लाकूड कोणतं.

लेझरने कापलेल्या प्लायच्या किटमध्ये खिडक्या नेमक्या येतात, कोपरे काटकोनात बसतात आणि दोन-तीन रविवारांत डबा उभा राहतो. सागाच्या पट्ट्यांना महिना लागतो, करवतही धारदार हवी. पण उभ्या फळ्यांच्या सांध्यांवर तिरपं ऊन पडलं की तो डबा खरा वाटतो. प्लायवर कोरलेल्या रेघांना ती खोली येत नाही.

खरी परीक्षा सोलापूरची हवा घेते. मे महिन्यात पारा चाळिशीपार, जूनमध्ये अचानक ओल. साग तसा टिकाऊ, तरी रुंद फळी आडवी आकसते आणि सांधा उघडतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो फारसा हलत नाही. त्याचा शत्रू म्हणजे उघड्या कडा. माझ्या पहिल्या डब्याच्या कडांना सीलर, म्हणजे ओल आत शिरू न देणारा लेप, लावायचा राहिला आणि एका पावसात थर सुटले. फार वाईट वाटलं.

आता सांगाडा आणि तळ प्लायचा, बाहेरून सागाच्या अरुंद पट्ट्या, असं करतो. जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याला आतून-बाहेरून सीलर. गोंद पाण्यात न सुटणारा. छप्पर स्क्रूने बसवलेलं, म्हणजे आतली बाकडी पुन्हा रंगवता येतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने मात्र बिनधास्त प्लायचा किट घ्यावा.