बाबांचं जीपीएस घड्याळ: आठ महिने वापरल्यावर

बांधणारा कुठे आहे ते फोनवर कळवणारं हे घड्याळ ऑनलाइन मागवलं, ४,२०० रुपयांना. एकच माल पाच-सहा नावांनी विकतात, डब्यावरचं नाव तेवढं बदलतं, म्हणून नाव सांगण्यात अर्थ नाही. बाबा ७९ वर्षांचे, कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, निवृत्त कंडक्टर. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आम्ही डिचोलीला राहतो. पहाटे साडेपाचला उठतात, शर्ट घालतात आणि म्हणतात, "म्हाका ड्युटी आसा."

आधी सिमचं सांगते. त्यात मी जिओचं सिम घातलं आणि दोन दिवस कंपनीच्या नावाने बोटं मोडली. हे घड्याळ जुन्या २जी नेटवर्कवर चालतं आणि जिओकडे २जी नाहीच, हे तिसऱ्या दिवशी कळलं. एअरटेलचं घातल्यावर लगेच सुरू झालं. डब्यावर याबद्दल अक्षर नाही.

बॅटरी म्हणे तीन दिवस टिकते. दर दहा मिनिटांनी ठिकाण कळवायला लावलं की रात्री संपलेली असते. बाबा झोपले की काढायचं, ते उठायच्या आत परत बांधायचं. आता ड्युटी माझी!

जीपीएसला उघडं आकाश लागतं. घरात किंवा बसच्या पत्र्याखाली ते हरवलं की घड्याळ मोबाईलच्या टॉवरवरून अंदाज करतं, आणि तो आमच्याकडे दीड-दोन किलोमीटरसुद्धा चुकतो. पहिल्याच आठवड्यात बाबा नकाशावर नदीत दिसले. मी धावत बाहेर आले, तर ते पडवीत शेंगा सोलत बसलेले.

जूनमध्ये ते खरंच गेले. पाऊस कोसळत होता, मी न्हाणीघरात होते. ॲपवर शेवटचं ठिकाण साखळी गाव, तेही बावीस मिनिटांपूर्वीचं. इथे एका सोयीने वाचवलं: ठरावीक नंबरवरून फोन आला की घड्याळ आपोआप उचलतं. (एरवी असं चोरून ऐकायला मला लाज वाटते.) बाबा बोलले नाहीत, पण मागून बस कंडक्टरची हाक आली, "होंडा, वाळपई, वाळपई!" भाऊ मोटारसायकलने सुटला. मी ११२ लावला. वाळपईच्या स्टँडवर बाबा उभ्या बसमध्ये लोकांकडे तिकिटाचे पैसे मागत होते. एका बाईने दहा रुपये दिलेही होते. ती नोट त्यांनी भावाकडे दिली नाही. हिशोब डेपोत द्यायचा होता.

११२ मी लगेच लावला, कारण २००९ मध्ये आम्ही पोलिसांना लगेच कळवलं नव्हतं. तेव्हा माझी आत्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गेली. ५८ वर्षांची होती, तरुणपणापासून आजारी, बांबोळीच्या मनोरुग्णालयाचे उपचार चालू होते. काकू मिरच्यांचा भाव करत होती, वळून पाहते तो आत्या नाही. आधीही दोनदा गेली होती आणि आपली आपण परतली होती, म्हणून आम्ही रात्रभर वाट पाहिली. २४ तास थांबल्याशिवाय तक्रार घेत नाहीत असंही घरात कुणीतरी म्हणालं. तसा काही नियम नाही. आत्या आजवर सापडलेली नाही. सात वर्षं ठावठिकाणा नसला तर कायद्याने मृत धरता येतं, असं वकील म्हणाले होते. बाबांनी तो अर्ज केला नाही. आता कधी मलाच तिच्या नावाने हाक मारतात.

तर घड्याळाला पाचपैकी तीन. दोन कापले ते पट्ट्याचे. साधा बकल आहे, बाबा चार सेकंदांत काढून खिडकीत ठेवतात, आणि ॲप मला समाधानाने कळवतं की बाबा घरी आहेत. घड्याळजीकडून बारीक स्क्रूने आवळायचा पट्टा घालून घेतला, १८० रुपये. संकटात दाबायचं लाल एसओएस बटण बाबांना कशासाठी आहे तेच समजत नाही, त्यामुळे त्याचे पैसे वाया. शर्टांच्या आतून माझा नंबर कापडावर लिहून शिवलाय, त्याला चार्जिंग लागत नाही.

आणि रोज पहाटे घड्याळ बांधलं की बाबांचा उभा फोटो काढते, त्या दिवशीच्या कपड्यांत, चपलांसकट. आत्याच्या वेळी ठाण्यात द्यायला आमच्याकडे लग्नातला एक फोटो होता, बावीस वर्षांपूर्वीचा.