सुंदरबन की भितरकनिका?

वाघासाठी सुंदरबनला जाणार असाल, तर मनाची तयारी ठेवा. भारतीय भागात शंभराच्या आसपास वाघ आहेत, पण बोटीतून बहुधा दिसतात ते चिखलातले पंजाचे ठसे. खरं वैभव झाडांचं. ओहोटी लागली की सुंदरी या खारफुटीच्या झाडाची श्वासमुळं चिखलातून भाल्यांसारखी वर येतात. आपल्याकडचं तिवरही तिथे भेटतं.

ओडिशातल्या भितरकनिकात निराशा क्वचितच होते. हिवाळ्यात खाडीकाठी खाऱ्या पाण्यातल्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. जबडा उघडा, पाठीवर वाळून तडकलेला चिखल. खंड्याच्याच आठ जाती! मे ते जुलै मात्र मगरींच्या विणीसाठी उद्यान बंद असतं. मुलं सोबत असतील तर मी भितरकनिकाच सांगेन. झाडांचं वेड असेल, तर सुंदरबनला निदान तीन दिवस द्या.