एका खड्यासाठी दोन बेअरिंग आणि दोन डिस्कचं बिल

कच्च्या रस्त्यावरून घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. पत्र्यावरून खिळा ओढावा तसा, बारीक आणि सलग. वेग वाढला की आवाज चढायचा. ब्रेक दाबला तरी थांबायचा नाही. हे सगळं मला नीट ऐकू येत होतं, पण त्यावरून काय समजायचं ते माहीत नव्हतं. सरळ गॅरेज गाठलं.

मेकॅनिक ट्रायल मारून पाच मिनिटांत परत आला. बॉनेटवर हात टेकवून म्हणाला, "ताई, मुलं बसतात ना गाडीत? मग आज गाडी नेऊ नका. पुढची दोन्ही बेअरिंग गेलीत. जोरात असताना चाक जाम झालं तर काय कराल?"

मुलांचं नाव निघाल्यावर मी पुढे एक अक्षर विचारलं नाही. त्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्यासाठी, पैशांसाठी नंतर.

संध्याकाळी गाडी मिळाली. बिलात दोन बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते), दोन डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची थाळी), तिला दाबून धरणाऱ्या ब्रेक पॅडचा सेट आणि मजुरी. सुट्टीसाठी बाजूला ठेवलेली सगळी रक्कम त्यात गेली. आवाज मात्र खरंच बंद झाला होता, म्हणून मी निश्चिंत झाले. जुने पार्ट मागायचे असतात हे सुचलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी तोच आवाज परत आला, त्याच चाकातून.

त्या दिवशी माझे दीर घरी आले होते. गाडीची बारीकसारीक कामं ते स्वतः करतात. "वहिनी, गॅरेजला जायच्या आधी आपण ऐकू तरी या," म्हणाले. काचा खाली करून एका लांब भिंतीच्या कडेने गाडी हळू चालवली. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. मग मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केलं, इंजिन चालूच ठेवून, कारण बंद केलं की ब्रेक जड होतो. आवाज तसाच, म्हणजे इंजिनाचा नाही. मग डावीउजवीकडे वळून पाहिलं. बेअरिंग गेलं की घूंऽऽ असा भरलेला आवाज येतो आणि तो बहुतेक वेळा वळणावर बदलतो. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येतो, डावं बेअरिंग खराब असेल तर ते जास्त घुमतं. आमचा आवाज वळणावर जराही बदलला नाही. पण थोडं रिव्हर्स घेतलं तेव्हा क्षणभर थांबला.

सपाट जागेवर हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना ठोकळे लावले, चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल केले आणि मग जॅक लावून खाली आधाराचा स्टँड दिला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, हात घालायचा असला तरी स्टँड हवाच. चाक वर आणि खाली धरून हलवलं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. हाताने फिरवलं तर खर्रर्र.

चाक काढलं. डिस्कच्या मागे धूळ अडवणारा एक पातळ पत्रा असतो. तो एका बाजूला किंचित वाकला होता आणि त्या फटीत नखाएवढा खडा अडकला होता. लाकडी काडीने ढकलल्यावर पडला. त्याची एक बाजू घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. पहिल्या वेळीही असाच खडा असणार. चाक काढलं तेव्हा तो पडला, आवाज थांबला आणि बिल फाडलं गेलं.

दिरांनी मग टॉर्च आणखी जवळ नेला. "वहिनी, ही डिस्क नवी नाही." थंड झालेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेवर त्यांनी माझं बोट फिरवलं. नखाला अडेल एवढी उंच, गंजलेली कड होती. पॅड घासतो तो भाग झिजत जातो, त्याच्या बाहेरची कड तशीच राहते. तीन आठवड्यांत एवढी कड तयार होत नाही. नव्या पॅडचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो, इथे जेमतेम 5 उरला होता. आणि बेअरिंग बदलायला चाकाच्या मधला जो मोठा एक्सल नट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) काढावाच लागतो, त्यावर जुना गंज आणि वाळलेला चिखल जसाच्या तसा. पाना लागल्याची खूण नाही.

मी फोटो घेऊन त्या पहिल्या गॅरेजला गेले. उत्तर मिळालं, "जुने पार्ट भंगारात गेले, ताई." बिलावर पार्ट नंबर नव्हते, आधीचा एकही फोटो नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

हे वाचून प्रत्येक आवाज खड्याचाच, असं कृपा करून समजू नका. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी येत असेल तर बऱ्याच गाड्यांत ती पॅडवरच्या पत्र्याच्या जिभेची असते. पॅड 2-3 मिलिमीटरवर आला की ती डिस्कला लागावी म्हणूनच ठेवलेली असते, तेव्हा पॅड बदलाच. त्याकडे काणाडोळा केला की पुढे लोखंडावर लोखंड घासल्याचा जाडाभरडा आवाज येतो. तो आला तर गाडी चालवूच नका, उचलून न्या. चाकातून खडखड आली तर तिथेच थांबून आधी नट तपासा. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना टक्टक् येत असेल तर एक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का बघा. पावसात रात्रभर उभ्या गाडीची सकाळची खरखर मात्र डिस्कवरच्या वरवरच्या गंजाची असते, चार-पाच वेळा ब्रेक मारले की जाते.

आता मी गाडी देण्याआधी डिस्कवर बाहेरच्या कडेला आणि एक्सल नटवर मार्करने खूण करून फोटो काढते. जुने पार्ट डिकीत ठेवायला आधीच सांगते. 

काही महिन्यांनी उजव्या बाजूने खरोखर घूंऽऽ सुरू झालं, डावीकडे वळलं की वाढणारं. म्हणजे बिलात 'नवं' लावलेलं तेच बेअरिंग. दुसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी गाडी उचलली, माझे हात चाकाच्या वर आणि खाली ठेवायला लावले आणि म्हणाले, "हलवून बघा." चाक हातात डुगडुगलं. काम झाल्यावर जुनं बेअरिंग त्यांनी न मागता हातावर ठेवलं. फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं कचकचत होतं.