अक्कलदाढेभोवतीची गाठ: डेंटिजेरस सिस्ट की केराटोसिस्ट?

हाडात अडकलेल्या अक्कलदाढेभोवती ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या) एक्स-रेत गोल, काळी सावली दिसली, तर बहुतेकदा ती डेंटिजेरस सिस्ट असते. न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती द्रव साचून पिशवी होते. तिची कड दाताच्या मानेला चिकटलेली असते. दाढेसकट पूर्ण काढली की ती सहसा परत होत नाही. लहान मुलांत तर पिशवीला खिडकी पाडून द्रव वाहू दिला, की अडकलेला दात वाचून आपणहून वर येऊ शकतो.

मला खरी धास्ती केराटोसिस्टची वाटते. एक्स-रेत ती हुबेहूब तशीच दिसू शकते. पण ती जबड्याच्या लांबीने आतल्या आत पसरते. गालावर सूज दिसेपर्यंत हाड बरंच पोखरलेलं असतं. आत पांढरट केराटिन, म्हणजे नखांत-केसांत असतं ते प्रथिन. अस्तर इतकं पातळ, की काढताना फाटतं, आणि उरलेल्या तुकड्यातून गाठ पुन्हा वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये तिला ट्यूमर ठरवलं होतं, २०१७मध्ये पुन्हा सिस्टमध्ये घेतलं.

पक्का फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. म्हणून काढलेली पिशवी तपासणीला पाठवायला सांगाच. अहवाल केराटोसिस्टचा आला, तर काही दुखत नसलं तरी पुढची अनेक वर्षं ठरावीक काळाने एक्स-रे काढावा लागतो.